जुनी एमएक्स-५ घेताना मी काय वाजवून पाहिलं

गाडी २००४ सालची आहे. माझदा एमएक्स-५, म्हणजे टप उघडणारी दोन सीटची स्पोर्ट्स कार. दुसऱ्या पिढीतली, १.८ लिटर, पाच गिअर, गडद निळा रंग, काळा कापडी टप. मार्च २०२३ मध्ये मी ती ३,८०० पौंडांना घेतली, तेव्हा तिचे ७१,००० मैल झाले होते. माझ्याकडचा तिचा तिसरा उन्हाळा आता संपत आलाय. या वर्षभरात नॉटिंगहॅममधल्या आमच्या मराठी ओळखीतल्या तिघांनी मला फोन करून विचारलं, की अशी गाडी घ्यायची तर बघायची कशी. तिघांना तीनदा सांगून झालं, आता सगळं एकदाच लिहून काढते.

आमचं कराडला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. माझे वडील, आण्णा, डेंटर. हायवेवर ठोकलेल्या ट्रकच्या केबिनपासून डॉक्टरांच्या फियाटपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. शाळेतून आल्यावर मी तिथंच उलट्या डब्यावर बसून गृहपाठ करायचे. आण्णा पत्र्याच्या आतून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, धरायचे आणि बाहेरून हातोडी मारत जायचे. पत्रा जागेवर आला की आवाज बदलायचा, आणि तो बदललेला मला वहीतून डोकं वर न काढता कळायचा. म्हणून मी या गाडीकडे इंजिनाच्या बाजूने आलेच नाही. पत्र्याच्या बाजूने आले, आणि आता ठामपणे सांगते की तोच रस्ता बरोबर आहे.

उघडी गाडी का, याचं उत्तरही कराडचंच आहे. आण्णांकडे एक जुनी महिंद्रा जीप होती. मे महिन्यात टप काढून आम्ही पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला मावशीकडे जायचो. घाटाच्या तोंडाशी हवा बदलायची. वर कोरडं गवत आणि धूळ, आणि दोन वळणं खाली उतरलं की दमट, फणसाचा वास असलेली हवा तोंडावर यायची. बंद गाडीतून तोच घाट पुढे कितीतरी वेळा उतरले, पण तो वास काचेच्या आत कधी आला नाही.

आता वजनाबद्दल, कारण अशा गाडीत खरी गोष्ट तीच आहे. आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हटलं की आधी हॉर्सपॉवर विचारतात. पहिली एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये दाखवली गेली, तेव्हा तिचं इंजिन १.६ लिटरचं आणि ताकद ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास होती. त्या काळातही हा आकडा फार मोठा नव्हता. पण गाडीचं वजन साडेनऊशे किलोच्या जवळपास होतं. इंजिन पुढच्या आक्सलच्या मागे सरकवून बसवलं, बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं, बॅटरी डिकीत नेली, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट टाकली, म्हणजे पाय दाबला की धक्का कुठेही न हरवता मागच्या चाकांपर्यंत पोचतो. नमुना डोळ्यासमोर होता तो १९६२ मध्ये आलेल्या लोटस एलानसारख्या हलक्या ब्रिटिश गाड्यांचा. फरक एवढाच, की जपान्यांची गाडी पावसात सुरू व्हायची आणि तेल गळत नव्हती. माझदाचे लोक यासाठी 'जिन्बा इत्ताई' असा शब्द वापरतात: स्वार आणि घोडा एकजीव. आपल्या मुलखात हे वेगळं समजवायला लागत नाही. मांड पक्की बसली की लगाम ओढावा लागत नाही, हे घोड्यावर बसलेला कुणीही सांगेल.

माझी गाडी साधारण १,०५० किलोची, ताकद १४५ हॉर्सपॉवरच्या आसपास. रोजची आमची फॅमिली गाडी तिच्यापेक्षा पाच-सहाशे किलोंनी जड आहे. वळणावर हा फरक पाठीला कळतो. मोठी गाडी आधी थोडी कलते आणि मग वळते. ही वळतेच.

माझं मन सुरुवातीला एलिसवर होतं, हे लपवत नाही. लोटसने ती १९९६ मध्ये आणली. नॉरफोकमधल्या हेथेलला बनली, आणि नाव ठेवलं कंपनीचे तेव्हाचे मालक रोमानो आर्तिओली यांच्या एलिझा नावाच्या नातीवरून. ॲल्युमिनियमचे लांब पोकळ तुकडे वेल्डिंग न करता चक्क चिकटवून तिची चासी केलीय. सुरुवातीच्या गाड्या सव्वासातशे किलोच्या आसपास. एका ओळखीच्यांकडे मी तिच्यात बसले आणि दहा मिनिटं चालवली. इतकं जिवंत स्टिअरिंग मी आजवर हातात धरलेलं नाही. पण माझ्या बजेटच्या कितीतरी पट किंमत, आणि शिवाय दोन गोष्टी मला डेंटरची मुलगी म्हणून खटकल्या. एक, पुढचा आणि मागचा भाग फायबरग्लासचा एकेक मोठा सलग तुकडा आहे, म्हणजे कोपरा तडकला तरी काम मोठं निघतं. दोन, चिकटवलेली चासी वाकली तर ती ओढून सरळ करायची सोय नाही. पहिल्या एलिसमधलं रोव्हरचं के-सीरिज इंजिन हेड गॅस्केट जाण्यासाठी प्रसिद्ध आहे, ते आणखी वेगळं. ज्यांच्याकडे पैसा आणि बंद गॅरेज दोन्ही आहे त्यांनी जरूर घ्यावी.

दुसरी होती टोयोटाची एमआर२, १९९९ ते २००७ मधली उघडी. इंजिन मधोमध, वजन हजार किलोच्या आत-बाहेर, आणि किंमत खिशाला परवडणारी. चालवायला फार सुंदर, यात वाद नाही. पण तिला डिकी जवळपास नाहीच. सीटच्या मागे एक कप्पा आणि पुढे स्टेपनीच्या जागेत थोडं काही मावेल. आणि सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांमध्ये एक्झॉस्टच्या तोंडाशी जे धूर साफ करणारे छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतात, त्यांची आतली सिरॅमिक जाळी झिजून भुगा होते आणि तो भुगा इंजिनात ओढला जातो. मग इंजिन तेल प्यायला लागतं. अनेकांनी ते कन्व्हर्टर काढून टाकलेत. पण समोरच्या गाडीत ते कधी काढले, वेळेवर की नुकसान झाल्यावर, हे विकणाऱ्याच्या शब्दावर सोडावं लागतं. मी ज्या एमआर२ला भेटले तिची डिपस्टिक काढली तर टोकाला तेलाचा थेंबही नव्हता. तिथंच थांबले.

मग उरली एमएक्स-५. तिची मोठी सोय अशी, की ती भरपूर बनली. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढी दुसरी कुठलीच विकली गेलेली नाही, आणि गिनीज बुकात तशी नोंद आहे. म्हणून सुटे भाग मिळतात, स्वस्त मिळतात, आणि गल्लीतल्या मेकॅनिकलाही ती ठाऊक असते.

पिढ्या चार. पहिली, १९९८ पर्यंतची, दिवे उघडझाप करणारी. सगळ्यांत हलकी आणि माझ्या डोळ्याला सगळ्यांत देखणी, पण चांगल्यांच्या किमती आता चढल्यात. १९९१ च्या आधीची १.६ बघत असाल तर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या पुलीकडे इंजिन चालू असताना नीट बघा. ती डुगडुगत असली तर क्रँकचं टोक खराब झालंय आणि ते काम खर्चाचं आहे. दुसरी पिढी, १९९८ ते २००५. दिवे स्थिर झाले आणि मागची खिडकी प्लास्टिकची जाऊन काचेची, गरम होणारी आली. इंग्लंडच्या हवेत ही काच फार मोलाची आहे. तिसरी २००५ ते २०१५, अंगाने मोठी, जरा जड, आतून ऐसपैस. तुमची उंची सहा फुटांच्या वर असेल तर सरळ हिच्याकडे जा. चौथी २०१५ पासूनची, पुन्हा हजार किलोच्या आसपास आणलेली, माझ्या मते सगळ्यांत हुशार डिझाइन. पण माझ्या पैशात ती नव्हती. लंडनला राहणाऱ्यांनी एक आधी तपासावं: धुराचे नियम न पाळणाऱ्या गाडीला तिथे दिवसाला १२.५० पौंड पडतात आणि ऑगस्ट २०२३ पासून हा नियम शहराच्या सगळ्या बरोंना, म्हणजे प्रभागांना, लागू झालाय. पेट्रोल गाडी २००६ नंतरची असेल तर सहसा अडचण येत नाही. त्याआधीची असेल तर नंबर टाकून सरकारी साइटवर बघा आणि मगच गाडी बघायला घराबाहेर पडा.

आता मुख्य विषय. गंज.

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यात या गाडीची स्वतःची एक खोड आहे. टपावर पडलेलं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांतून, सीटबेल्टच्या मागून, नळीवाटे खाली जाऊन मागच्या चाकाच्या पुढ्यात रस्त्यावर पडावं अशी रचना आहे. त्या भोकांत पानं, माती, पाइनच्या सुया अडकतात. नळी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचतं. इथे त्याला सिल म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये फुटबोर्डाचा पत्रा म्हणायचे. तो पत्रा आतून सडत बाहेर येतो. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. दुसऱ्या पिढीत आणखी एक जागा आहे: पुढच्या चाकांच्या पुढे, चासीच्या दांड्यांना जिथे दुहेरी पत्रा आहे तिथे दोन थरांच्या मध्ये ओल धरते. वरून धडधाकट, आत पापुद्रे. एमओटीवाला, म्हणजे इथली दर वर्षीची सक्तीची तपासणी करणारा, स्क्रूड्रायव्हरने टोचतो आणि तो आरपार जातो.

म्हणून मी गाड्या बघायच्या आधी कागद बघितले. इथे गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या सगळ्या एमओटी तपासण्या फुकट दिसतात: मैल किती, पास की नापास, आणि काय सल्ला दिला. हा इतिहास सलग वाचायचा, पोथी वाचल्यासारखा, पहिल्या पानापासून. एका गाडीत चार वर्षं ओळीने 'मागच्या सिलला गंज' असा शेरा होता आणि पाचव्या वर्षी तो नाहीसा. वेल्डिंगची पावती मागितली तर विकणाऱ्याकडे नव्हती. म्हणजे गंज गेला नव्हता, झाकला होता. दुसऱ्या एकीत वर्षाला पाच-पाच हजार मैल आणि मग अचानक तीन वर्षांत मिळून नऊशे. उभी राहिलेली गाडी, म्हणजे टायर, ब्रेक, रबरी नळ्या, सगळं नव्याने धरायचं. अशा गाड्या मी बघायलाच गेले नाही आणि पेट्रोलचे पैसे वाचवले.

प्रत्यक्ष पाहिल्या चार. पहिली लाल, पहिल्या पिढीची, जपानहून आलेली. तिकडे तिला युनॉस रोडस्टर म्हणतात. देखणी, पण टप उघडताना मालकाने मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन सोडली नाही आणि माझ्यासमोर ती खिडकी मधोमध दुमडली. गाडी त्यांनी आजवर कशी वापरली असेल ते तिथंच दिसलं. दुसरी ती एमआर२.

तिसरीबद्दल जरा रागाने लिहिते. एका विक्रेत्याच्या यार्डातली चंदेरी एमएक्स-५, २००२ ची. बाहेरून आरशासारखी. मी खाली वाकून टॉर्च मारला तर तळ काळाभोर, ओला वाटावा इतका ताजा, डांबरासारखा लेप मारलेला. नळ्या, नटबोल्ट, ब्रेकच्या पाइपचे क्लिप, सगळ्यांवर सरसकट. ज्याला गाडी खरंच टिकवायची असते तो आधी गंज खरवडतो, प्रायमर मारतो आणि लेप देताना बोल्ट मोकळे ठेवतो. मी विचारलं, लेपाच्या आधीचे फोटो आहेत का? उत्तर आलं, "गाडी एमओटी पास आहे." मग मी बाटलीतलं पाणी काढलं. हे तुम्हीही करा, याला एक पैसा लागत नाही. टप अर्धा उघडून मागच्या कोपऱ्यातल्या भोकात ग्लासभर पाणी ओतायचं आणि लगेच खाली बघायचं. नळी मोकळी असली तर चाकाच्या पुढ्यात धार लागते. त्या गाडीच्या उजव्या बाजूने धार आली. डाव्या बाजूने काहीच आलं नाही. ग्लासभर पाणी आत गेलं आणि आतच राहिलं. विक्रेता म्हणाला, पाऊस नाही म्हणून वाळलं असेल. चांगल्या मनाच्या माणसाला ही गाडी चार हजारांना विकली गेली असणार आणि पहिल्याच तपासणीत त्याचे डोळे पांढरे झाले असणार, याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथी लिंकनजवळच्या एका खेड्यात. मालक निवृत्त गृहस्थ, अकरा वर्षं गाडी त्यांच्याकडे. पावत्यांची जाड फाइल, टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना वेळेवर बदललेला, उजव्या मागच्या चाकावरची कमान २०१७ मध्ये कापून नवीन पत्रा जोडल्याचं बिल आणि फोटो. दोन्ही नळ्यांतून पाण्याची धार. पुढचे दांडे मी त्यांच्या परवानगीने टोचून पाहिले, खणखणीत. मी मनातून हो म्हटलं होतं, तरी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. कराडला दुपार होती, ते जेवून पडवीत बसले होते.

"आधी उजेडाकडं तोंड करून उभी राहा," ते म्हणाले. "दारापासून मागच्या दिव्यापर्यंत आकाशाची सावली बघ. लाट दिसती का?"

लाट नव्हती.

"आता बोटाच्या पेरानं वाजवत ये. पुढून मागं. घाई नको करू, पोरी. फोन जवळ धर."

मी फोन सिलजवळ धरला आणि गुडघ्यावर बसून वाजवत निघाले. ठण, ठण, ठण. डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या चार बोटं अलीकडे, आण्णा म्हणाले, "थांब. मागं ये. परत वाजव." मला आधी काही कळलं नव्हतं. परत वाजवलं आणि मग कळलं: आधीचा आवाज ठण, आणि तिथे बद्द. तळहाताएवढ्या जागेत. "पुट्टी हाय तिथं," आण्णा म्हणाले. "चुंबक लाव." फ्रिजवरचं लोहचुंबक मी मऊ फडक्यात गुंडाळून नेलंच होतं. वर सगळीकडे चिकटलं, तिथे घसरलं.

मालकांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः चुंबक हातात घेऊन दोनदा लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या आधीच्या कुणीतरी भरलेलं असणार. आण्णांना विचारलं, सोडू का? ते म्हणाले, "बाकी पत्रा जिता हाय. तेवढा तुकडा कापून नवा लाव. पैसं कमी करून घे, पण ह्या मानसाला फसवनारा म्हनू नको." ४,२०० ची किंमत ३,८०० वर आली. मालकांनी निघताना पावत्यांच्या फाइलबरोबर टपाला लावायच्या वॅक्सचा अर्धा डबाही दिला.

घेतल्यावरचा खर्च थोडक्यात सांगते. पहिल्याच महिन्यात तो पुट्टीचा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला, ४५० पौंड. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळायला लागला, तो या गाड्यांत जातोच, भाग स्वस्त आहे. मागचा एक ब्रेक कॅलिपर अडकला, हँडब्रेक सोडला तरी चाक जड फिरायचं. उभ्या राहणाऱ्या गाडीत हे होतं, म्हणून हिवाळ्यातही आठवड्याला एकदा ती फिरवून आणते. टप अजून मूळचा आहे, एका शिवणीला सुरुवात झालीय, पुढच्या वर्षी बदलावा लागेल आणि त्याला काही शे पौंड जातील ते मी धरून चाललेय. विमा स्वस्त. रोड टॅक्स मात्र झोंबतो, कारण मार्च २००१ नंतर नोंदलेल्या गाड्यांचा तो कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. त्याआधीच्या गाड्यांचा इंजिनाच्या आकारावर. गॅलनला ३३ मैलांच्या आसपास मिळतात.

दर वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन्ही नळ्या जाड, लवचीक नायलॉनच्या दोरीने मोकळ्या करते. तार घालू नका, नळी आत फाटते आणि जे टाळायचं तेच होतं. सिलच्या पोकळीत वर्षाआड मेण फवारून घेते.

आणि चालवायला? दारातून बाहेर पडून मॅटलॉक बाथ गावापर्यंत ए६ रस्त्याने जाते, तिथे रविवारी मोटारसायकलवाल्यांची जत्रा असते, आणि मग वर पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत शिरते. टप उघडायला खाली उतरावं लागत नाही. समोरच्या काचेवरच्या दोन कड्या सोडल्या, मान जरा बाजूला केली, एका हाताने मागे टाकला की झालं. पाच सेकंद. एवढं सोपं असल्यामुळे तो सिग्नललाही उघडला जातो. गिअरचा दांडा आखूड, मनगटाच्या हालचालीत पडतो, आणि पडताना जो बारीक कट्ट जाणवतो त्यासाठी मी उगाच गिअर बदलते. ग्लॉसपकडून स्नेक पासचा घाट चढताना चाळीस मैलांच्या वेगालाही दोन्ही हातांना काम असतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जोरदार गाडीची मजा घ्यायला कायदा मोडावा लागतो, हलक्या गाडीची मर्यादेच्या आत मिळते. आणि वास. हेदरच्या झुडपांच्या रानातून खाली उतरताना मेंढ्यांचा, ओल्या दगडाचा, एखाद्या घरातल्या कोळशाच्या धुराचा वास येतो. वळण घेतलं की हवा गार होते, दुसऱ्या वळणाला ऊब. कुंभार्लीनंतर हे मला परत मिळालं ते इथे, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

मोटरवेवर मात्र ही गाडी दमवते. ७० मैलांवर टप बंद असला तरी शेजारच्याशी आवाज चढवून बोलावं लागतं. ट्रकच्या चाकाचे नट डोळ्यांच्या पातळीला येतात, आणि ट्रकवाल्याला आपण दिसतोय की नाही याचा विचार सतत करावा लागतो. डिकीत दीडशे लिटरही जागा नाही. दोघांच्या दोन रात्रींची मऊ बॅग मावते, कडक सुटकेस नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी बसून-उठून बघावं. एकच गाडी ठेवायची असेल आणि घरात लहान मूल असेल तर घेऊ नका, मी स्वतः मुलगी युनिव्हर्सिटीत जाईपर्यंत थांबले. पावसाची मात्र भीती नको. टप नीट असला आणि रबर मऊ असली तर थेंब आत येत नाही. ओल्या रस्त्यावर टायरमध्ये काटकसर करू नका, एवढंच. मागची चाकं ढकलतात आणि २००४ च्या माझ्या गाडीत सावरून घ्यायला इलेक्ट्रॉनिक्स नाही.

गेल्या जूनमध्ये आण्णा आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. विमानतळावरून घरी आले, चहा घेतला आणि गाडीपाशी गेले. सतरंजी मागितली, ती दारातल्या सिमेंटवर अंथरली आणि हळूहळू आडवे झाले. डाव्या सिलला त्यांनी पुढून मागे वाजवलं. ठण, ठण, ठण, शेवटपर्यंत ठण. मग नव्या पत्र्याच्या जोडावरून अंगठा फिरवला, दोनदा. "जोड सापडंना," म्हणाले. "कुणी मारलाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांना शेजारी बसवून, टप उघडा टाकून, त्या वेल्डरच्या शेडवर घेऊन गेले. आण्णांना इंग्रजी येत नाही आणि त्याला मराठी येण्याचा प्रश्नच नाही. मी ओळख करून दिली, की हे माझे वडील, चाळीस वर्षं डेंटर. वेल्डरने हातमोजे काढले, हात मिळवला आणि आपल्या बाकावरच्या सगळ्या डॉल्या एकेक करून आण्णांच्या हातात दिल्या. आण्णांनी तिसरी ठेवून घेतली, वजन पाहिलं, बाकावरच्या एका चेपलेल्या मडगार्डच्या आतून ती धरली आणि दुसरा हात हातोडीसाठी पुढे केला.